सोलापूर परिसरातील रानभाज्या आणि गळाची मासेमारी

सोलापूर शहराच्या भोवतालच्या माळांवर, शेतांच्या बांधांवर व पडीक जमिनीवर आपोआप उगवणाऱ्या खाद्य वनस्पती गोळा करणे आणि भीमा व सीना या नद्यांत तसेच तलावांत गळाने मासे धरणे या सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण जीवनातील जुन्या प्रथा आहेत. पूर्वी त्यांचा संबंध प्रामुख्याने निर्वाहाशी व दुष्काळाशी होता. अलीकडे शहरात राहणारे लोकही छंद, आहारातील विविधता आणि निसर्गाची ओळख या हेतूंनी त्यांकडे वळतात. कोकण किंवा सह्याद्रीप्रमाणे या जिल्ह्यात दाट जंगल नाही. येथील बहुतेक रानभाज्या कोणाच्या तरी मालकीच्या शेतात, आणि मासे कोणाच्या तरी हक्काच्या पाण्यात असतात. त्यामुळे येथे रानाची ओळख वनस्पतींच्या ओळखीइतकीच माणसांच्या ओळखीवर अवलंबून राहते.

भौगोलिक पार्श्वभूमी

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ५५० मिलिमीटर असून तो मुख्यतः जून ते ऑक्टोबर या काळात, खंड पडत पडत येतो. नदीकाठची व सखल भागातील काळी जमीन रब्बी ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. मंगळवेढा तालुक्याला ‘ज्वारीचे कोठार’ म्हटले जाते. उंचवट्यावरील मुरमाड जमिनीवर गवताळ माळ आहेत. ईशान्येकडे बार्शी तालुक्यात बालाघाटच्या डोंगररांगेचा काही भाग येतो.

या रचनेमुळे जिल्ह्यातील खाद्य वनस्पती प्रामुख्याने चार ठिकाणी आढळतात : शेताचे बांध, पिकांतील तण, ओढ्याकाठची ओलसर जागा आणि कुंपणाच्या झुडपांवर चढणारे वेल. पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन ते तीन आठवड्यांनी पालेभाज्या कोवळ्या मिळतात व पुढे त्या लवकर जून होतात. पावसाने ओढ दिल्यास हा हंगाम आणखी आखडतो.

परंपरा

या भागातील सणवार आणि रानातील हंगाम यांचा निकटचा संबंध आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टावाचून उगवलेल्या भाज्यांची एकत्र भाजी करण्याची प्रथा आहे. मार्गशीर्ष अमावस्येला सोलापूर, धाराशिव व लातूर या जिल्ह्यांत वेळ अमावास्या साजरी होते. बोलीभाषेत तिला ‘येळवस’ म्हणतात. या दिवशी शहरात स्थायिक झालेली कुटुंबेही गावाकडील शेतात जातात. कडब्याची खोप उभारून पूजा केली जाते आणि आंबील, बाजरीचे उंडे व अनेक शेंगा-भाज्या एकत्र करून केलेली भज्जी यांचे जेवण होते. यानंतरच्या आठवड्यांत हुरड्याचा हंगाम येतो.

टंचाईच्या काळात रानभाज्यांचे महत्त्व वाढत असे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्यकोठार लोकांसाठी खुले केल्याची कथा या भागात सांगितली जाते. जेथे असे कोठार उघडले जात नसे, तेथे तरोटा, पाथरी, घोळ यांसारखा पाला हा गरिबांचा आधार होता. याच कारणाने अनेक कुटुंबांत रानभाज्यांकडे दीर्घकाळ ‘गरिबाचे अन्न’ म्हणून पाहिले गेले.

हे ज्ञान मुख्यतः खुरपणी-भांगलणीच्या निमित्ताने शेतात वावरणाऱ्या स्त्रियांकडे, मेंढपाळ धनगरांकडे आणि पारधी समाजाकडे राहिले आहे. माशांचे ज्ञान भोई व कोळी समाजांकडे आहे. पारधी समाजाला ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणले गेले. या कायद्याखालील लोकांसाठी सोलापुरात तारेच्या कुंपणातील वसाहत होती आणि शहरातील ‘सेटलमेंट’ हे स्थळनाम त्यावरूनच आले. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. रानाचे बारकावे जाणणाऱ्या या समाजाचे ज्ञान त्यानंतरही फारसे लिहून ठेवले गेले नाही.

मराठीत अरण्यविद्येला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून देणारे लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात झाला. वनखात्यात दीर्घ सेवा केलेल्या चितमपल्लींनी पक्षी, प्राणी, वृक्ष व मासे यांचे कोश तयार केले. २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

बहुभाषिक नावे

सोलापूर शहरात मराठीबरोबर तेलुगू व कन्नड भाषा मोठ्या प्रमाणात बोलल्या जातात. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नडचा प्रभाव विशेष आहे. त्यामुळे एकाच वनस्पतीला बाजारात दोन-तीन नावे आढळतात. कडवंचीला कन्नडमध्ये कर्चीकाई व तेलुगूत कासरकाय म्हणतात. लागवडीखालील अंबाडीला कन्नडमध्ये पुंडी, तर तेलुगूत गोंगुरा म्हणतात. उलट, एकच नाव गावोगावी वेगवेगळ्या वनस्पतींना दिलेलेही आढळते. म्हणून केवळ नावावर विसंबून वनस्पती ओळखणे धोक्याचे ठरते.

प्रमुख रानभाज्या व रानफळे

तरोटा किंवा टाकळा : पावसाळ्याच्या आरंभी सर्वत्र उगवते. पानाला गोल टोकाच्या पर्णिकांच्या सामान्यतः तीन जोड्या असतात. फुले येण्यापूर्वीची कोवळी पाने भाजीसाठी घेतात.

घोळ : मांसल पानांची, लालसर देठांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती. चव किंचित आंबट असते. डाळीत घालून किंवा पीठ पेरून भाजी करतात. बारीक पानांच्या जवळच्या जातीला चिघळ म्हणतात. दोन्हींत ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या टाळाव्यात.

पाथरी : पाने जमिनीसरशी चक्राकार पसरतात, फुले पिवळी असतात व देठ तोडल्यास पांढरा चीक येतो. ओलिताच्या शेतात हिवाळ्यातही मिळते. भाकरीबरोबर कच्ची खाण्याची पद्धत आहे.

कुर्डू : खरीप पिकांतील तण. पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांमुळे नंतर सहज ओळखू येते, मात्र भाजीसाठी तुरे येण्यापूर्वीचीच पाने योग्य असतात.

तांदुळजा व काटेमाठ : माठाच्या कुळातील पालेभाज्या. काटेमाठाच्या पेरांवर तीक्ष्ण काटे असल्याने फक्त शेंडे खुडतात.

केना : ओलसर जागी वाढते, फुले निळी असतात. पानांची भजी करतात.

चाकवत : रब्बी पिकांत उगवते. कोवळ्या पानांवर पिठासारखा पांढरट थर दिसतो. ताकातील पातळ भाजी प्रसिद्ध आहे.

कडवंची : काळ्या जमिनीतील वेल. जमिनीतील कंद वर्षानुवर्षे टिकतो आणि पावसाळ्यात त्याला नवे वेल फुटतात. लहान, शिरा असलेली, किंचित कडू फळे तेलावर परततात. खोल नांगरट व तणनाशके यांमुळे कंद नष्ट होतो, म्हणून ही भाजी बांधांपुरती मर्यादित होत चालली आहे.

करटुले : कुंपणावर व झुडपांवर चढणारा वेल. मऊ काट्यांची हिरवी फळे जुलै ते सप्टेंबर या काळात मिळतात.

फळांमध्ये हिवाळ्यातील बोरे, चिंच, कवठ, बालाघाटच्या उतारांवरील सीताफळे आणि ज्वारीच्या शेतात मिळणारी शेंदाडे यांचा समावेश होतो.

विषारी व फसव्या वनस्पती

खाद्य वनस्पतींशी साम्य असणाऱ्या काही वनस्पती घातक आहेत. तरोट्याचा जवळचा नातेवाईक असलेल्या कासविंद्याच्या पर्णिका टोकदार व चार ते सहा जोड्यांच्या असतात. त्याच्या बिया खाल्ल्याने उत्तर भारतात लहान मुलांना यकृत व मेंदूचे गंभीर आजार झाल्याचे आढळले आहे. घोळीसारखीच जमिनीवर पसरणारी दुधी ही वनस्पती तोडल्यावर पांढरा चीक येतो, घोळीला तो येत नाही. मात्र ‘चीक असेल तर विषारी’ असा सरसकट नियम करता येत नाही, कारण खाद्य असलेल्या पाथरीलाही चीक असतो. प्रत्येक वनस्पतीची खूण स्वतंत्रपणेच शिकावी लागते.

शेंदाडासारखे दिसणारे इंद्रावणाचे फळ अत्यंत कडू व विषारी असते. काकडी-भोपळ्याच्या कुळातील कोणतेही फळ अनपेक्षितपणे कडू लागल्यास ते थुंकून टाकणे आवश्यक असते. धोतरा, कण्हेर, गुंज, एरंड व चंद्रज्योत यांच्या बिया किंवा इतर भाग विषारी असून, गोडसर चवीमुळे चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा होण्याचे प्रकार वारंवार घडतात. धोत्र्याची कोवळी रोपे खुडताना पालेभाजीत मिसळली जाण्याचा धोका असतो. वारुळांवर पावसाळ्यात येणारी अळंबी जाणकार खातात. परंतु विषारी अळंबी शिजवल्यानेही निर्धोक होतेच असे नाही. त्यामुळे नवशिक्यांसाठी अळंबी वर्ज्य मानली जाते.

विषबाधेचा संशय आल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेताना खाल्लेल्या वनस्पतीचा नमुना बरोबर ठेवल्यास निदानास मदत होते.

वनस्पती योग्य असूनही जागा अयोग्य असू शकते. ऊस, द्राक्ष व डाळिंबाच्या बागांलगत कीटकनाशके आणि तणनाशके फवारलेली असतात. सांडपाण्याच्या नाल्याकाठी व महामार्गालगत वाढलेला पाला कितीही टवटवीत दिसला तरी खाण्यास योग्य नसतो.

शहरवासीयांसाठी सुरुवात

शिकण्याची सुरुवात बहुधा बाजारातून होते. पावसाळ्यात लक्ष्मी मंडईसारख्या बाजारांत आसपासच्या गावांतील स्त्रिया रानभाज्या विकायला आणतात. भाजी विकत घेऊन, घरी शिजवून तिचा वास, चव व पानांची ठेवण लक्षात राहिली, की शेतात तीच वनस्पती ओळखणे सोपे जाते. ऑगस्ट महिन्यात कृषी विभागामार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवले जातात. तेथे भाज्यांसोबत त्या शिजवण्याच्या पद्धतीही समजतात.

दुसरा टप्पा जाणकारासोबत शेतात जाण्याचा असतो. पहिल्या हंगामात घोळ, तरोटा, पाथरी, कुर्डू व तांदुळजा अशा पाच वनस्पतींपुरतेच मर्यादित राहणे आणि रोप, फूल, फळ या तिन्ही अवस्थांत त्या पाहणे हितावह ठरते. पहिल्यांदा खाताना थोड्याच प्रमाणात, शिजवून व एका वेळी एकच नवी भाजी खावी. पाला मुळासकट उपटण्याऐवजी शेंडे खुडल्यास वनस्पती पुन्हा फुटते. कंद मात्र काढू नयेत.

शेतमालकाची परवानगी घेणे ही कायद्याची आणि शिष्टाचाराची बाब आहे. या भाज्या विकून काही कुटुंबांना पावसाळ्यात रोख उत्पन्न मिळते. शहरातून आलेल्यांनी एकाच बांधावरील सर्व पाला नेल्यास त्या उत्पन्नावर परिणाम होतो. त्यामुळे एका जेवणापुरतेच घेण्याचा संकेत पाळला जातो.

रानातील कौशल्ये

आधुनिक वनजीवन-शिबिरांत शिकवल्या जाणाऱ्या अनेक कौशल्यांचे स्थानिक रूप सोलापूरच्या शेतीत पूर्वीपासून आहे. ज्वारीच्या राखणीसाठी चार खांबांवर मचाण बांधले जाते व त्यावरून गोफणीने पाखरे हाकली जातात. कडब्याची खोप थंडी व उन्हापासून आडोसा देते. धनगरांची लोकरी घोंगडी अंथरूण व पांघरूण म्हणून वापरली जातेच, शिवाय दुमडून डोक्यावर खोळ केल्यास पावसापासून संरक्षण करते. घायपाताच्या पानांपासून वाख काढून दोर वळले जातात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण लावले जातात.

विस्तव जपून वापरण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे हुरड्याची आगटी. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात. ज्वाळा विझून आर तयार झाल्यावर त्यात गूळभेंडी, सुरती किंवा कुचकुची यांसारख्या वाणांची कोवळी कणसे भाजतात आणि हातावर चोळून दाणे काढतात. खड्ड्यामुळे विस्तव वाऱ्याने पसरत नाही. जेवण झाल्यावर आगटी पाणी व माती टाकून पूर्ण विझवली जाते. हिवाळ्यानंतर माळावरील गवत वाळलेले असल्याने ही दक्षता महत्त्वाची ठरते.

प्राथमिक साहित्यात विळा किंवा खुरपे, सुती पिशव्या, काठी, पायाचे घोटे झाकणारी पादत्राणे, टोपी किंवा उपरणे आणि पुरेसे पाणी यांचा समावेश होतो. ओढ्याचे किंवा उघड्या विहिरीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

गळाची मासेमारी

भीमा ही जिल्ह्यातील प्रमुख नदी असून हत्तरसंग कुडल येथे सीना तिला मिळते. माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाचा विस्तार सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे या जलाशयातील माशांचा मोठा बाजार भरतो. सोलापूर शहरालगत ब्रिटिश काळात बांधलेला एकरूख म्हणजेच हिप्परग्याचा तलाव आहे.

येथे कटला, रोहू, मृगल व सायप्रिनस हे सोडलेले मासे, तसेच मरळ, वाम व शिंगटा हे मासे मिळतात. उजनीत सर्वाधिक परिचित असलेला चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील तिलापिया मासा असून तो भारतात १९५२ साली आणला गेला. तो काठाजवळ राहतो, गांडूळ किंवा कणकेच्या गोळीला सहज लागतो आणि त्याची वाढही झपाट्याने होते. त्यामुळे नवशिक्यांना गळाला पहिला मासा बहुधा हाच लागतो.

साध्या गळासाठी बांबूची लवचीक काठी, नायलॉनची दोरी, लहान गळ, शिशाचे वजन व तरंगता राहणारा हलका तुकडा एवढे साहित्य पुरते. पहाटे व सायंकाळी मासे काठाकडे येतात. शिंगीसारख्या माशांच्या पंखांतील काट्याची जखम अत्यंत वेदनादायक असते, म्हणून मासा गळातून सोडवताना जाड फडके वापरतात. लहान पिल्ले व अंड्यांवर आलेल्या माद्या परत पाण्यात सोडल्या जातात. पावसाळ्याच्या आरंभी अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध जाणारे ‘चढणीचे’ मासे अरुंद जागी अडवून पकडल्यास पुढील पिढीच नष्ट होते. घरगुती मत्स्यालयातील मासे जलाशयात सोडणेही हानिकारक ठरते. अशाच मार्गाने पसरलेला सकर मासा उजनीत आढळतो व त्याच्या खरखरीत अंगामुळे जाळ्यांचे नुकसान होते.

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून उजनीत येते. शहरातील तलावांतही प्रदूषण व जलपर्णीचा प्रश्न आहे. मासे खाण्यासाठी धरताना म्हणूनच पाण्याची स्थिती पाहणे आवश्यक असते.

कायदेशीर तरतुदी

तलाव व जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः ठेक्याने किंवा परवान्याने मच्छीमार सहकारी संस्था व मच्छीमारांना दिलेले असतात. छंद म्हणून गळ टाकण्यासाठीही हक्कधारक संस्थेची किंवा संबंधित विभागाची परवानगी घ्यावी लागते. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ अन्वये गुन्हा आहे. पाण्यात वीजप्रवाह सोडणे मासे व माणसे दोघांसाठीही प्राणघातक आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे ससा, तितर, घोरपड, काळवीट यांची शिकार करणे किंवा गोड्या पाण्यातील संरक्षित कासवे पकडणे हा गुन्हा आहे. गळाला किंवा जाळ्यात कासव अडकल्यास ते जिवंत सोडून द्यावे लागते. सोलापूर व लगतच्या जिल्ह्यातील माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. नान्नज, मार्डी व कारंबा येथील माळांवर काळवीट व लांडगे आढळतात. माळढोक मात्र अत्यंत दुर्मीळ झाला आहे. अभयारण्याच्या क्षेत्रात परवानगीविना प्रवेश करणे, वनस्पती तोडणे किंवा विस्तव पेटवणे यांस मनाई आहे. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसारही दंडनीय आहे.

सुरक्षितता

जिल्ह्यात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आढळतात. बांधावर हात घालण्यापूर्वी काठीने गवत हलवणे, अंधारात विजेरी वापरणे व अनवाणी न फिरणे हे प्राथमिक नियम आहेत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट बांधणे टाळावे. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जाणे हाच योग्य उपाय आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने मार्च ते मे या काळात दुपारची भटकंती टाळली जाते.

उजनीतून भीमेत पाणी सोडल्यावर नदीची पातळी अचानक वाढते. विस्तीर्ण जलाशयावर वादळी वारा आल्यास लाटा धोकादायक होतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. नवशिक्यांनी काठावरूनच मासेमारी करावी आणि बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट घालावे, असा सल्ला दिला जातो.

सद्यस्थिती

ऊस व फळबागांचा विस्तार, तणनाशकांचा वाढता वापर, बांध कोरून क्षेत्र वाढवण्याची प्रवृत्ती आणि माळांचे लागवडीखाली येणे यांमुळे रानभाज्यांच्या जागा आक्रसत आहेत. यंत्राने व रसायनांनी तण काढले जाऊ लागल्यामुळे भांगलणीच्या वेळी आईकडून किंवा आजीकडून मुलींकडे जाणारे ज्ञानही खंडित होत आहे. जलाशयांत बारीक आसाच्या जाळ्यांनी होणारी पिल्लांची मासेमारी ही पारंपरिक मच्छीमारांपुढील मोठी समस्या आहे. दुसरीकडे, रानभाज्यांना शहरी बाजारात मागणी वाढली असून एकेकाळी कमी लेखलेली कडवंची व करटुली आता लागवडीच्या भाज्यांपेक्षा अधिक दराने विकली जातात. ही मागणी बांध राखणाऱ्या शेतकऱ्याच्या व भाजी खुडणाऱ्या स्त्रियांच्या हाती कितपत पोहोचते, यावर या वनस्पतींचे टिकून राहणे बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

हेसुद्धा पहा

रानभाजी
उजनी धरण
माळढोक पक्षी अभयारण्य
वेळ अमावास्या
हुरडा
मारुती चितमपल्ली